मज्जातंतूतली लाट आणि तिच्यामागची समीकरणं

१८५० साली केनिग्सबर्गमध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. हा वेग कधी मोजताच येणार नाही, असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचं मत होतं. हेल्महोल्ट्झ यांनी साधी युक्ती केली. तंतूला विजेचा झटका एकदा स्नायूच्या जवळ दिला, एकदा लांबून दिला आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळांमधला फरक पाहिला. उत्तर आलं सेकंदाला साधारण ३० मीटर. तांब्याच्या तारेतला विजेचा संदेश सेकंदाला लाखाहून जास्त किलोमीटर जातो. तंतूतून वीज वाहते हे तर दिसत होतं, पण ती तारेतल्यासारखी वाहत नाही हे त्या दिवशी पक्कं झालं.

दुसरं कोडं याहून अवघड आहे. १८५५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलसाठी एक समीकरण मांडलं. आत वाहक, भोवती थोडं गळकं आवरण आणि बाहेर खारं पाणी. मज्जातंतूची रचना हुबेहूब अशीच असते. केल्व्हिन यांचं समीकरण त्याला लावलं तर दिसतं की संदेश झपाट्याने विरतो. समुद्रात राहणाऱ्या माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाडजूड तंतूतसुद्धा दर ५ मिलिमीटरच्या आसपास व्होल्टेज जवळपास एक तृतीयांशावर येतं. ५ सेंटिमीटर गेल्यावर मूळ संदेशाचा बावीस हजारावा भाग उरतो. प्रत्यक्षात मात्र संदेश पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जातो आणि पोचतो तेव्हा निघाला होता तितकाच ताकदवान असतो. शिवाय झटका दुप्पट जोराचा दिला म्हणून तंतूत उठणारा विजेचा स्पंद दुप्पट मोठा होत नाही. तो उमटला तर पूर्ण उमटतो, नाहीतर उमटतच नाही.

हे कसं घडतं याचं उत्तर अवकल समीकरणांनी दिलं. ते उत्तर असंच का येतं, दुसरं का येऊ शकत नाही, हा गणितज्ञांचा प्रश्न. त्यावर गेली सत्तरेक वर्षं काम चालू आहे आणि मला स्वतःला जीवभौतिकीतलं सगळ्यात देखणं गणित तेच वाटतं.

आधी अवकल समीकरण म्हणजे काय, ते पाहू. शाळेतल्या समीकरणात एखादी संख्या शोधायची असते. अवकल समीकरणात शोधायचा असतो एक अख्खा प्रवास, आणि हातात फक्त एवढीच माहिती असते की या क्षणी परिस्थिती अशी असेल तर पुढच्या क्षणी ती कुठल्या दिशेने आणि किती वेगाने बदलेल. बदलाचा नियम माहीत असतो, प्रवास माहीत नसतो. नियमाला ना भूतकाळ आठवतो, ना भविष्य दिसतं. तो फक्त ‘आत्ता’ आणि ‘इथे’ पाहतो. तंतूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तंतूच्या एका ठिपक्यालाही आपल्या आसपासचंच तेवढं ‘माहीत’ असतं. आपण एका मोठ्या लाटेचा भाग आहोत हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी हा नियम १९५२ साली लिहून काढला. प्रयोग बहुतांश प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत झाले आणि त्यासाठी स्क्विड लागला, कारण त्याच्या शरीरातला एक तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. इतक्या जाड तंतूत आतून बारीक तार सरकवता येते. त्यांनी तारेच्या साहाय्याने आतल्या सगळ्या लांबीवर व्होल्टेज एकाच आकड्यावर बांधून ठेवलं आणि ते तसंच राहावं म्हणून किती प्रवाह पुरवावा लागतो ते मोजलं. या तंत्राला व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात. त्याची सुरुवात केनेथ कोल आणि जॉर्ज मार्मोंट यांनी केली होती. क्लॅम्प लावलेल्या तंतूत लाट उठूच शकत नाही, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाने त्याचं महत्त्व कळेल.

त्यांच्या समीकरणाचा गाभा साध्या जमाखर्चाचा आहे. पेशीचं पटल म्हणजे एक कपॅसिटर, ज्याच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार साठतो. भार साठवण्याची ही क्षमता म्हणजे धारकता. मग:

धारकता × व्होल्टेज बदलण्याचा वेग = बाहेरून दिलेला प्रवाह − सोडियमचा प्रवाह − पोटॅशियमचा प्रवाह − गळती

एवढ्यावर काम भागलं असतं तर हे केल्व्हिन यांचंच समीकरण झालं असतं. फरक असा की पटलातून सोडियम आणि पोटॅशियम किती सुटतील हे ठरलेलं नसतं. ते व्होल्टेजवर अवलंबून असतं, आणि तेही थोड्या उशिराने. हा उशीर धरण्यासाठी त्यांनी अशी कल्पना केली की वाटेवर दारं आहेत. एखाद्या जातीच्या दारांपैकी किती हिस्सा उघडा आहे, तो हिस्सा ० ते १ यांमधली एक संख्या. बंद दारं एका दराने उघडतात, उघडी दारं दुसऱ्या दराने मिटतात, आणि दोन्ही दर व्होल्टेजप्रमाणे बदलतात. प्रत्येक जातीच्या दारांसाठी एक अवकल समीकरण. पोटॅशियमच्या वाटेवर एकाच जातीची चार दारं, सगळी उघडी असतील तरच वाट मोकळी. प्रत्येक दार उघडं असण्याची शक्यता निम्मी असेल तर वाट मोकळी असण्याची शक्यता फक्त १६ पैकी १. सोडियमच्या वाटेवर उघडणारी तीन चपळ दारं आणि मागे एक सुस्त दार, जे व्होल्टेज वाढलं की मिटतं.

आता एका ठिपक्यावर काय होतं ते पाहा. विश्रांतीत आतलं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण ६५ मिलिव्होल्टने कमी असतं. थोडा धक्का बसला आणि ते वर सरकलं की सोडियमची चपळ दारं उघडायला लागतात. सोडियम आत शिरतो, तो धनभारित, म्हणून व्होल्टेज आणखी वर जातं, आणखी दारं उघडतात. एकदा हे चक्र पेटलं की मिलिसेकंदाच्या आत व्होल्टेज शून्य ओलांडून ४० च्या आसपास पोचतं. तोवर दोन सुस्त हालचाली पूर्ण होत आलेल्या असतात. सोडियमचं मागचं दार मिटतं आणि पोटॅशियमची चारही दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर पडतो, व्होल्टेज कोसळतं, विश्रांतीच्याही थोडं खाली जातं आणि हळूहळू जागेवर येतं.

हे एका ठिपक्याचं झालं. तंतू लांब असतो, म्हणून समीकरणात आणखी एक पद येतं: ठिपक्याचं व्होल्टेज शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर शेजारून प्रवाह आत येतो, जास्त असेल तर बाहेर जातो. दोन शेजारी आणि मी, बस्स. हक्सली यांना हे पूर्ण समीकरण सोडवायचं होतं. केंब्रिजचा एडसॅक संगणक त्या वेळी दुरुस्ती-बदलांसाठी काही महिने मिळणार नव्हता. म्हणून त्यांनी ब्रुन्सविगा नावाच्या हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. एका वेळी अगदी छोटी उडी: या क्षणीच्या चार संख्या (व्होल्टेज आणि तीन जातींच्या दारांचे उघडे हिस्से) घ्यायच्या, चार बदल काढायचे, मिळवायचे, हँडल फिरवायचं, पुढच्या क्षणी पुन्हा तेच. कित्येक आठवडे.

पुढे सरकणाऱ्या लाटेसाठी त्यांनी केलेली युक्ती मला फार आवडते. लाट आकार न बदलता ठरावीक वेगाने जाते असं धरलं, तर जागा आणि काळ हे दोन स्वतंत्र चल राहत नाहीत. लाटेबरोबर चालत गेलं तर ती स्थिर दिसते, त्यामुळे दोन चलांचं समीकरण एका चलाचं होतं. पण वेग माहीत नाही. तो मनाने धरायचा आणि हिशेब सुरू करायचा. धरलेला आकडा चुकला की व्होल्टेज काही वेळाने बहकतं, वर अनंताकडे किंवा खाली अनंताकडे पळत सुटतं. आकडा बदलून पुन्हा पहिल्यापासून. या दोन पळापळींच्या बरोबर मधे एक वेग सापडतो, ज्यासाठी व्होल्टेज चढतं, उतरतं आणि शहाण्यासारखं विश्रांतीला परत येतं. हक्सली यांना मिळालेला वेग होता सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२ मीटर.

आता ती क्लॅम्पची गोष्ट आठवा. समीकरणातले सगळे दर अशा प्रयोगांतून आले होते ज्यांत लाट नव्हतीच. वेग समीकरणात कुणीही घातला नव्हता. ‘आत्ता’ आणि ‘इथे’ एवढंच जाणणाऱ्या नियमातून तो बाहेर आला, आणि निसर्गातल्या आकड्याच्या शेजारी जाऊन बसला. हॉजकिन आणि हक्सली यांना १९६३ चं नोबेल मिळालं, जॉन एकल्स यांच्याबरोबर. १९५२ मध्ये ही दारं कुणी पाहिली नव्हती. एकेका वाहिनीतून, म्हणजे पटलातल्या अशा एकेका वाटेतून, जाणारा प्रवाह एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये नोंदवला. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने पोटॅशियम वाहिनीची रचना दाखवली, तेव्हा ती चार सारख्या तुकड्यांची निघाली. मात्र यावरून ‘समीकरणाने रेणू आधीच ओळखला’ असं म्हणणं मला पटत नाही. चार हा आकडा त्यांनी वक्ररेषा नीट जुळावी म्हणून निवडला होता. सोडियमच्या बाबतीत तर त्यांची तीन अधिक एक ही मांडणी पुढे तितकीशी खरी ठरली नाही, कारण तिथलं मिटणारं दार उघडणाऱ्या दारांपासून स्वतंत्र नसतं. समीकरण बरोबर वागलं, दारांचं चित्र अर्धवट बरोबर होतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

आकडेमोडीने उत्तर मिळालं, पण समजलं का? चार संख्या एकाच वेळी बदलत आहेत आणि त्यांचे दर घातांकी सूत्रांनी लिहिलेले. मोजता येतं, पण डोळ्यांसमोर येत नाही. चार मितींचं चित्र कुणालाच दिसत नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड फिट्झह्यू यांनी विचारलं की यातलं काढून काय काय टाकता येईल. व्होल्टेज आणि सोडियमची चपळ दारं जवळपास एकत्र हलतात, त्यांची मिळून एक वेगवान राशी. सोडियमचं मागचं दार आणि पोटॅशियमची दारं मागाहून येऊन आवर घालतात, त्यांची मिळून एक संथ राशी. चारच्या दोन झाल्या, आणि दोन मिती कागदावर मावतात. पुढच्याच वर्षी जपानमध्ये जिनिची नागुमो आणि सहकाऱ्यांनी टनेल डायोड वापरून तसं वागणारं विद्युत मंडल बांधलं. म्हणून या समीकरणांना फिट्झह्यू–नागुमो म्हणतात.

वेगवान राशीला ‘व’ म्हणू, संथ राशीला ‘स’. नियम असे:

‘व’ बदलण्याचा वेग = व − (व चा घन ÷ ३) − स + बाहेरचा प्रवाह

‘स’ बदलण्याचा वेग = ०.०८ × (व + ०.७ − ०.८ × स)

०.०८ हा छोटा आकडा ‘स’ला सुस्त करतो. बाहेरचा प्रवाह शून्य असेल तर विश्रांतीची जागा व = −१.२, स = −०.६२५ च्या आसपास येते, जिथे दोन्ही वेग जवळपास शून्य असतात. हे आकडे कागदावर घालून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात जे दिसतं ते वाचून कळत नाही.

पहिला धक्का छोटा देऊ: ‘व’ला −१ वर न्या, ‘स’ तसाच. ‘व’ बदलण्याचा वेग येतो −१ + ०.३३३ + ०.६२५, म्हणजे −०.०४२. उणे, म्हणजे ‘व’ माघारी फिरतो. काही घडलं नाही. आता धक्का मोठा: ‘व’ −०.५ वर. वेग येतो −०.५ + ०.०४२ + ०.६२५, म्हणजे +०.१६७. अधिक! ‘व’ वर जायला लागतो आणि जितका वर जाईल तितका आधी वेग वाढतच जातो. कुठपर्यंत? व = २ ला पुन्हा हिशेब करा: २ − २.६६७ + ०.६२५ = −०.०४२. म्हणजे ‘स’ विश्रांतीच्या जागीच राहिला असता तर ‘व’ दोनच्या किंचित अलीकडे थांबला असता. प्रत्यक्षात ‘स’ही तोवर थोडा वर सरकलेला असतो, त्यामुळे मुक्काम जरा आणखी अलीकडे होतो. हीच ती ‘उमटला तर पूर्ण’ची गोष्ट. −०.५ वरून सुटलो काय किंवा शून्यावरून सुटलो काय, मुक्काम जवळपास तोच. स्पंदाची उंची धक्का ठरवत नाही, तो घन ठरवतो.

‘व’ वर असताना सुस्त ‘स’ हळूहळू वाढत राहतो. तो ०.६६७ च्या पुढे गेला की वरच्या बाजूला थांबायला जागाच उरत नाही आणि ‘व’ धाडकन खाली, −२ च्या जवळ येतो. इथे आणखी एक गंमत आहे. ‘व’ खाली आला तरी ‘स’ अजून ०.६ च्या आसपास आहे. आता मघाचाच मोठा धक्का पुन्हा द्या, ‘व’ला −०.५ वर न्या: −०.५ + ०.०४२ − ०.६ = −१.०५८. सपशेल माघार. ज्या धक्क्याने मघाशी स्पंद उमटला, त्याच धक्क्याने आता काहीच होत नाही. मज्जातंतू स्पंदानंतर काही मिलिसेकंद प्रतिसाद देत नाही ही शरीरशास्त्रातली जुनी नोंद इथे एका वजाबाकीत दिसते.

आणि बाहेरचा प्रवाह सतत चालू ठेवला तर? ०.३३ च्या आसपासच्या मूल्यापर्यंत तंतू नव्या जागी स्थिरावतो. त्या पलीकडे विश्रांतीची जागा असते खरी, पण टिकाऊ राहत नाही. त्यामुळे ‘व’ आणि ‘स’ एका बंद वाटेवर गोल फिरत राहतात, म्हणजे स्पंदामागून स्पंद. प्रवाह १.४२ च्या वर नेला की माळ पुन्हा बंद पडते. जोर वाढवला आणि काम थांबलं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खऱ्या चेतापेशीतही अति प्रवाहाने असंच होतं. टिकाऊपणा हरवून आंदोलन जन्माला येण्याच्या या प्रकाराला गणितज्ञ हॉप्फ यांच्या नावाचं द्विभाजन म्हणतात. जॉन रिंझेल, बार्ड एरमेंट्राउट यांच्यासारख्या गणितज्ञांनी चेतापेशींच्या वागण्याची अशी द्विभाजनं उलगडून दाखवली. काही पेशी अगदी सावकाश स्पंदांपासून सुरुवात करतात, काही एकदम ठरावीक वेगानेच सुरू होतात, हा फरक हॉजकिन यांनी १९४८ मध्येच नोंदवला होता. तो फरक पेशीच्या समीकरणांच्या भूमितीतला आहे हे पुढे या मंडळींच्या कामातून कळलं.

लाटेकडे परत येऊ. संगणकाने लाट दाखवली म्हणून गणितज्ञाचं समाधान होत नाही, कारण संगणक प्रत्येक पायरीला थोडी चूक करतो. लाट खरंच आहे का? विश्रांतीतून निघून पुन्हा त्याच विश्रांतीला परतणारी वाट समीकरणात खरोखर आहे, हे स्टुअर्ट हेस्टिंग्ज यांनी १९७६ मध्ये आणि गेल कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलं. त्यात एक अनपेक्षित पाहुणा होता. लाट एक नसते, दोन असतात: एक वेगवान आणि मोठी, दुसरी संथ आणि बुटकी. संथ लाट हक्सली यांनाही १९५९ मध्ये आकडेमोडीत सापडली होती. मग तंतूत ती का दिसत नाही? कारण ती टिकत नाही. जराशी हलवली की एकतर विझते, नाहीतर वेगवान लाटेत बदलते. ती दोहोंमधल्या उंबरठ्यासारखी आहे.

वेगवान लाट टिकते हे सिद्ध करणं सोपं नव्हतं. अडचण अशी की लाट थोडी पुढे सरकवली तर तीही तितकीच खरी लाट असते. म्हणून ‘धक्का बसल्यावर लाट आपल्या जागी परत येते’ असं म्हणता येत नाही. जास्तीत जास्त इतकंच म्हणता येतं की आकार परत येतो, पण लाट आधीच्या वेळापत्रकापेक्षा किंचित पुढे किंवा मागे राहते. १९७२ ते १९७५ या काळात जॉन इव्हान्स यांनी मज्जातंतूच्या समीकरणांसाठी एक फलन तयार केलं. ते जिथे शून्य होतं तिथे लाटेच्या लहानमोठ्या डळमळीचे वाढण्या-विझण्याचे दर सापडतात. एक शून्य त्या सरकण्यामुळे नेहमीच असणार. बाकीची सगळी विझण्याच्या बाजूला असतील तर लाट टिकाऊ. फिट्झह्यू–नागुमोच्या वेगवान लाटेसाठी हे ख्रिस्तोफर जोन्स यांनी १९८४ मध्ये पूर्ण केलं. इव्हान्स फलन आज ज्वालांपासून प्रकाशाच्या स्पंदांपर्यंत कुठल्याही लाटेला लावतात. त्याचा जन्म मात्र मज्जातंतूत झाला.

हृदयाचा स्नायूही याच जातीच्या समीकरणांनी चालतो. डेनिस नोबल यांनी हॉजकिन–हक्सलींची समीकरणं बदलून १९६० मध्ये हृदयाच्या पेशीसाठी वापरली. त्याही आधी, १९४६ मध्ये, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि मेक्सिकोतले शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएथ यांनी हृदयातल्या फिरत्या लाटांचा गणिती विचार मांडला होता. या लाटा समुद्रातल्या लाटांसारख्या एकमेकींतून पार होत नाहीत. त्या वणव्यासारख्या असतात. समोरासमोर आलेले दोन वणवे भेटल्या जागी विझतात, कारण दोघांच्याही पुढे जळालेलीच जमीन असते. फक्त इथे गवत काहीशे मिलिसेकंदांत पुन्हा उगवतं. त्यातूनच धोका निर्माण होतो. लाटेची फळी कुठे तुटली तर तिचं मोकळं टोक वळतं, स्वतःच्या मागच्या, नुकत्याच सावरलेल्या भागात शिरतं आणि लाट चक्राकार फिरत राहते. तिला आता कुणाच्या हुकमाची गरज नसते. हृदयाच्या काही जीवघेण्या जलद लयींमागे अशा सर्पिल लाटा असतात. त्या फुटून अनेक झाल्या की हृदय नुसतं थरथरतं. डिफिब्रिलेटरचा झटका मोठा असावा लागतो तो याचसाठी. हृदयाचा बहुतेक भाग एकदमच पेटावा लागतो, म्हणजे फिरत्या टोकाला शिरायला मोकळा स्नायू उरत नाही.

आता थोडं भूमितीकडे. शेजाऱ्यांशी जोडणीचं जे पद आहे, त्याचा जोर तंतूच्या जाडीप्रमाणे वाढतो. समीकरण असं आहे की जोर चौपट केला तर लाट दुप्पट वेगाने जाते. स्क्विडला तातडीने पळ काढायला वेगवान संदेश लागतो, म्हणून त्याचा तो तंतू इतका जाड. पण हा सौदा महाग आहे, आपल्या मज्जारज्जूत असे लाखो तंतू मावणारच नाहीत. पृष्ठवंशी प्राण्यांत तंतूभोवती मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण असतं आणि पटल फक्त मधल्या छोट्या उघड्या जागी, साधारण मिलिमीटरभर अंतरावर, काम करतं. या जागांना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात. लाट गाठीवरून गाठीवर उडी मारते. त्यामुळे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड तंतूही सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेग गाठू शकतो.

उड्या आल्या की समीकरणाचा स्वभाव बदलतो. सलग तंतूत जोडणी कितीही दुबळी केली तरी लाट फक्त हळू होते, मरत नाही. जोर कमी करणं म्हणजे लांबी मोजायची पट्टी बदलण्यासारखंच आहे. तुटक गाठींच्या रांगेत तसं नाही. यूटा विद्यापीठातले गणितज्ञ जेम्स कीनर यांनी १९८७ मध्ये दाखवलं की जोडणी एका ठरावीक मर्यादेखाली गेली की लाट अडकून पडते. एक गाठ पूर्ण पेटलेली, पण पुढच्या गाठीपर्यंत पोचणारा प्रवाह तिचा उंबरठा ओलांडायला कमी पडतो. प्रत्येक गाठ स्वतः धडधाकट, आणि तरीही संदेश पोचत नाही. सलग समीकरण वापरणाऱ्याला हा बिघाड कधीच दिसणार नाही, कारण त्या समीकरणात तो नाहीच. कुठलं समीकरण निवडायचं हा निर्णय उत्तर काढण्याइतकाच गंभीर आहे असं मी म्हणतो, ते अशा उदाहरणांवरून.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिन झडतं. प्रवाह वाटेतच गळतो आणि पुढच्या गाठीला जेमतेम पुरतो. या आजाराच्या काही रुग्णांना ताप आला किंवा गरम पाण्याने अंघोळ केली की तात्पुरतं दिसायला कमी होतं, अंग थंड झालं की पुन्हा बरं वाटतं. शारीरिक श्रमानंतर दृष्टी अशी तात्पुरती मंदावते हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवलं होतं, त्यामागे शरीराची उष्णता आहे हे पुढे कळलं. हॉजकिन–हक्सलींच्या समीकरणांत याचं कारण सापडतं. तापमान वाढलं की दारांचे सगळेच दर वाढतात, दहा अंशाला जवळपास तिप्पट. सोडियमचं मागचं दार लवकर मिटतं, पोटॅशियमची दारं लवकर उघडतात आणि स्पंद आखूड होतो. आखूड स्पंद पुढच्या गाठीला कमी भार देतो. निरोगी तंतूत गरजेच्या कितीतरी पट प्रवाह हाताशी असतो, त्यामुळे तिथे फरक जाणवत नाही. मायलिन झडलेल्या तंतूत ती शिल्लक संपलेली असते, आणि तिथे अर्ध्या-एक अंशाची वाढही लाट अडवायला पुरते.